डावीकडची बोट

रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सोमनाथने वाचता वाचता स्वतःचेच पुस्तक मिटले. बत्तीस वर्षांत हे पहिल्यांदा घडले.

मखमलाबादच्या मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तेव्हा पाच माणसे होती. दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती आणि झेंडूचा ढीग गुडघ्याच्या वर आला होता. मोठी फुले एका क्रेटमध्ये, लहान दुसऱ्यात, देठ मोडलेली खाली पोत्यावर. कुसाबाई भिंतीला टेकून माळा ओवत होत्या. त्यांचा मुलगा ज्ञानेश क्रेट भरत होता. सोमनाथची मुलगी हर्षाली पाय मुडपून बसली होती, मांडीवर लॅपटॉप, शेजारी फुले. सोमनाथची बायको उज्वला नेहमीच्या जागी होती, त्याच्या उजव्या हाताला, पुस्तकाची दुसरी प्रत आणि पेन्सिल घेऊन.

या शेडचा नियम पहिल्या पुस्तकापासूनचा होता. छापायला जाण्याआधी प्रत्येक पुस्तक इथे मोठ्याने वाचायचे. ऐकणाऱ्यांचे हात कामात असले पाहिजेत आणि तोंडाने कुणी दाद द्यायची नाही. ज्या ओळीला हात थांबतील तिथे उज्वलाने समासात टिंब काढायचे. ज्या ओळीला कुणी पाणी प्यायला उठेल तिथे आडवी रेघ. रेघा आलेली पाने सोमनाथ दुसऱ्या दिवशी कापून टाकी. नाशिकच्या दैनिकात सव्वीस वर्षे रात्रपाळी केलेला माणूस, कापायला त्याचा हात कधी अडखळला नाही. याच रीतीने त्याची सात पुस्तके झाली, त्यांत दीपगृहांवर एक, गोदी कामगारांवर एक, स्वातंत्र्यानंतर किनाऱ्यावरची संस्थाने देशात कशी आली त्यावर दोन जाड खंड. समुद्र दीडशे किलोमीटर लांब असलेल्या गावात बसून त्याने हे केले. कुसाबाई त्याला दरवर्षी एकदा तरी ऐकवत, की समुद्रावर लिहितो आणि गंगापूरच्या धरणात बोटीत बसला तर वकतो.

आज आठव्या आवृत्तीचे वाचन होते. पुस्तक पहिलेच, 'रत्नावती', ज्याने सोमनाथ थेटे हे नाव झाले. १९६८ सालच्या जूनमध्ये वादळात बुडालेल्या मालवाहू जहाजाची ही हकिगत. त्या जहाजावर बॉयलरपाशी आगवाला म्हणून सोमनाथचे चुलते फकिरानाना होते. दुसऱ्या एका जहाजाने वाचवलेल्या नऊ जणांपैकी ते एक. कुसाबाई त्यांच्याच पत्नी. नाना १९८९ मध्ये गेले आणि मागे एक डायरी ठेवून गेले. त्या डायरीवर पुस्तक उभे होते.

या आवृत्तीत नवे एकच होते. हर्षाली पुण्यात एका प्रकाशनाकडे संपादनाचे काम करते. तिने सुचवले, की शेवटी तासांनुसार घटनाक्रम द्यावा, आजच्या वाचकाला बरे पडते. सोमनाथने तोच वाचायला घेतला होता.

"चार जून, पहाटे तीन वाजून तीस. सारंग हसन परकार डावीकडची बोट सोडतो. बोटीत त्याच्यासह अकरा माणसे. पाच जून, पहाटे तीन वाजून दहा. जहाज सोडण्याचा कप्तानाचा हुकूम. बिनतारी संदेश शेजारच्या जहाजाच्या नोंदीत."

तेव्हा कुसाबाईंनी सुई फुलात तशीच ठेवून विचारले, "सोमा, आधी हुकूम झाला अन् मग बोट सोडली ना? एकाच रातीचं हाय ते. तुम्ही दोन रातींचं का करून ठेवलं?"

सोमनाथने समजावून सांगितले. आवाज चढवण्याची त्याला सवय नव्हती. नानांनी बोटीची नोंद चार तारखेच्या पानावर केली आहे, पान छापील आहे, वर ४ जून, मंगळवार असे लिहिलेले आहे. म्हणजे बोट आधी गेली. हुकूम त्यानंतर जवळजवळ चोवीस तासांनी.

"पान चार तारखेचंच आसंल," कुसाबाई म्हणाल्या. "पण झोपून उठल्याबिगर ह्यांनी पान कधी उलटलं नाय. आपल्यात फुलांची गाडी गेल्याशिवाय दिवस सरतो का? रातच्या तीनला तोडलेलं फूल आदल्या दिवसाचंच. तीच सवय नेली ह्यांनी जहाजावर."

ज्ञानेशने क्रेट खाली ठेवले. हर्षालीने लॅपटॉपवरून मान वर केली. कुसाबाईंनी पुढचे फूल उचलले. सोमनाथने पुस्तक मिटले ते या वेळी.

हा हिशोब काय सांगतो ते उज्वलाला सगळ्यांच्या आधी कळले, कारण पुस्तकाच्या सगळ्या हस्तप्रती तिनेच स्वच्छ अक्षरात उतरवल्या होत्या. बोट तिसऱ्या प्रकरणात होती, हुकूम सातव्यात. पहिल्या वाचनाच्या वेळी दोन्ही प्रकरणांच्या मध्ये तीन रविवार गेले होते. कुसाबाईंनी दोन्ही ऐकले होते, पण शेजारी शेजारी कधीच नाही. आज हर्षालीच्या यादीत ते दोन ओळींवर आले.

तिसऱ्या प्रकरणाचे नाव होते 'चोवीस तास आधी'. त्यात सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, हुकमाची वाट न पाहता आपली दहा माणसे घेऊन पळतो आणि समुद्र त्याला गिळतो. ती बोट कधीच सापडली नाही, त्यामुळे त्याच्या बाजूने बोलायला कुणी उरले नव्हते. समासातली सगळ्यात दाट टिंबे याच प्रकरणाला होती. शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांत पोरे तो उतारा पाठ करून म्हणत, सारंगाचे नाव आले की आवाज खाली आणत. आणि जहाजावर मागे राहिलेल्या फकिरा थेटेच्या नावाने गावातल्या चौकाला फलक लागला होता.

उज्वलाने पेन्सिल पुस्तकात ठेवली. तिला एक पाकीट आठवत होते.

१९९६ च्या पावसाळ्यात दाभोळहून एक पत्र आले होते. जैनब परकार, प्राथमिक शिक्षिका, हसन सारंगाची मुलगी. अक्षर शिक्षकी, ओळी सरळ. तिने भांडण केले नव्हते. तिने लिहिले होते, की माझे वडील गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते, ते असे करणारे नव्हते, तारखेबद्दल आपली खात्री आहे का ते कृपया कळवावे. सोमनाथने कार्यालयातून आल्या आल्या चार ओळींचे उत्तर लिहिले. सोबत डायरीच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली. याउलट पुरावा असल्यास पाठवावा, असे शेवटी होते. पाकिटावर तिकीट उज्वलाने लावले होते, इंदिरानगरच्या पेटीत टाकलेही तिनेच. पुन्हा पत्र आले नाही. सोमनाथने तेव्हा म्हटले होते, की बघ, उत्तर नाही. गप्प बसण्याचा अर्थ तो नेहमी लावायचा. वाचलेल्यांपैकी एका म्हाताऱ्या खलाशाने त्याच्याशी बोलायला नकार दिला होता, त्याचाही त्याने लावला होता.

ज्ञानेशच आधी बोलला. तो बोलला ते सरळ होते. आई ऐंशीला आलेली, तिच्या एका आठवणीवर छापलेलं पुस्तक बदलायचं का? बाबांनी स्वतःच्या हाताने तारीख लिहिली, ती आता त्यांचीच बायको खोटी ठरवणार का?

"तारीख त्यांनी लिहिलीच नाही, काका," हर्षाली म्हणाली. "ती छापलेली होती."

"तू गप गं. बत्तीस वर्षं कुणाला दिसलं नाय, तुझ्या यादीला दिसलं."

"आजीला दिसलं. मलाही नाही."

तेवढ्यात प्रकाशकाचा फोन आला. सोमवारी अकरापर्यंत फाइल हवी होती, दिवाळीआधी पुस्तक दुकानात जायचे होते. सोमनाथने काय झाले ते तीन वाक्यांत सांगितले. प्रकाशक समंजस माणूस होता. त्याने सुचवले, की घटनाक्रमच वगळू, पुस्तक आहे तसे जाऊ दे. फारच वाटले तर नवव्या आवृत्तीत एक टीप टाकता येईल. फोन स्पीकरवर होता. ज्ञानेशने मान डोलावली. हर्षाली वडिलांकडे पाहत होती. उज्वलाच्या लक्षात आले, की आपणही क्षणभर मान डोलावणारच होतो. टीप किती सोपी होती. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी नवऱ्याला पहिल्या पुस्तकावर फुली मारताना बघायचे नव्हते तिला.

सोमनाथ म्हणाला, दुपारी कळवतो. मग तो ज्ञानेशकडे वळला. "मूळ डायरी तुझ्याकडे आहे. मी तेव्हा जूनची नऊ पानंच झेरॉक्स केली होती. बाकीची वाचली नाहीत."

हे त्याने अगदी सपाट सुरात सांगितले. पण उज्वलाला त्याचे वजन कळले. दुसऱ्या कुणा लेखकाने असे केले असते तर सोमनाथने त्याच्या पुस्तकाचे परीक्षणही लिहिले नसते.

"कपाटात हाय," ज्ञानेश म्हणाला आणि जागचा हलला नाही.

"ज्ञाना, आण," कुसाबाई म्हणाल्या.

"आई, तुला कळतंय का काय चाललंय? ती बोट हुकमानंतर गेली असंल, तर बाबा मागं राहिले ते कशासाठी? चौकातल्या पाटीवर काय लिहिलंय? 'जहाज न सोडणारा.' मग ते काय?"

कुसाबाईंनी माळेत आणखी एक फूल ओवले. ज्ञानेश शेडच्या दारात जरा वेळ उभा राहिला, मग घराकडे गेला. तो परतेपर्यंत हर्षालीने तीन क्रेट भरले, त्यातल्या एकात लहानमोठी फुले एकत्र झाली आणि तिला ती पुन्हा वेगळी करावी लागली.

डायरी त्याने सोमनाथच्या हातात दिली नाही. स्वतःच उघडली. मेणकापडात गुंडाळलेली होती, कडा अजून फुगीर, मिठाने. चार जूनचे पान सगळ्यांना ठाऊक होते. तरी त्याने ते काढून पाहिले. सकाळ, दुपार, 'सांजेला वारा वाढला', आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, 'साडेतीनला सारंगाने डावीकडची बोट सोडली. अकरा जण गेले. मी राहिलो.'

"ही ओळ संध्याकाळच्या खाली का आहे, बाबा?" हर्षालीने विचारले. विचारण्यात टोचणी नव्हती.

"मला वाटलं, उशिरा आठवली म्हणून खाली लिहिली असेल," सोमनाथ म्हणाला. "तसं मी पुस्तकातही लिहिलंय. पान एकसष्ट."

उज्वलाने पान एकसष्ट काढले नाही. ते वाक्य तिला पाठ होते: 'लाजेने उशिरा केलेली नोंद.'

मग हर्षालीनेच म्हटले, की एखाद्या ठिकाणी बाहेरून तपासता येईल अशी वेळ हवी. ज्या क्षणाची तारीख डायरीशिवायही पक्की आहे, असा क्षण. ज्ञानेश पाने उलटत राहिला. रत्नावतीनंतर नाना दोन महिन्यांत दुसऱ्या जहाजावर गेले होते. ऑगस्ट, ऑक्टोबर. नुसता कोळसा, पाणी, ताप. शेवटच्या पानाशी तो थांबला, बोटाने ओळ धरली आणि वाचू लागला. वाचनाचा त्याला सराव नव्हता. प्रत्येक शब्द तो वेगळा ठेवत होता.

"एकतीस डिसेंबर. मुंबई बंदर. दुपारी पाणी भरले. राती बारा वाजता सगळ्या जहाजांनी नव्या सालाचे भोंगे दिले. कानाला दडे बसले. दोन वाजता राख काढली. साडेतीनला चहा मिळाला, गोड होता."

नव्या वर्षाचे भोंगे बाराला. चहा साडेतीनला. पान एकतीस डिसेंबरचे. साडेतीनचा चहा नव्या वर्षात प्यायलेला होता, आणि नानांनी तो जुन्यातच लिहिला होता.

ज्ञानेशने ती ओळ परत एकदा मनातल्या मनात वाचली, ओठ हलले. डायरी मिटून त्याने ती सोमनाथपुढे ठेवली. आपण काय वाचले ते त्याला कळले होते, सांगावे लागले नाही. बोट हुकमानंतर वीस मिनिटांनी सुटली होती. हसन सारंगाने हुकूम पाळला होता.

कुसाबाईंनी माळेला गाठ मारली. "आता विचारलंस तर सांगते," त्या मुलाला म्हणाल्या. "तुझा बाप कशासाठी राहिला. सारंगानं त्याला दोनदा हाक मारली. फकिरा, ये, जागा हाय. बोट खाली हलत व्हती, पाणी काळं. ह्यांचा पाय उचललाच नाय. पोहता येत नव्हतं. तिसरी हाक मारायला बोट जवळ राहिली नाय."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"ते वाचले म्हणून तू झालास. मी काय वाईट सांगू त्यात? मला वाटलं, सोमाला ठावं आसंल, त्यानं माणसाची लाज राखली. पुढं तुम्ही चौकाला नाव दिलं. हार घातले. मग कुठं बोलायचं?" त्यांनी दुसरा दोरा घेतला, सुईत ओवायला हर्षालीकडे दिला. "राती झोपेत हे म्हणायचे, हसनभाई, थांब. लय वर्षं."

या वाक्याला शेडमधले सगळे हात थांबलेले होते. उज्वलाने टिंब काढले नाही. पण तिने ते पाहिले.

साडेबाराला सोमनाथने प्रकाशकाला फोन केला. फाइल येणार नाही, एवढेच सांगितले. प्रकाशकाने किती दिवस, असे विचारले. माहीत नाही, असे उत्तर मिळाले. हर्षालीचे म्हणणे होते, की 'चोवीस तास आधी' पूर्ण काढून टाकावे आणि वर्तमानपत्रात आजच खुलासा द्यावा. सोमनाथ म्हणाला, खुलासा जाईल, पण नंतर. आधी ज्याचा आहे त्याला. वर्तमानपत्रात सव्वीस वर्षे दुरुस्त्या छापल्या, पान आठवर, खाली कोपऱ्यात. त्या कुणाला आधी कळवल्याचं आठवत नाही.

ज्ञानेश क्रेट गाडीत चढवत होता. चौकातल्या पाटीबद्दल कुणी विषय काढला नाही. निघताना तो उज्वलाजवळ थांबला. "वहिनी, दादा काय लिहितील त्यात बाबांना भित्रा म्हणणार का?"

तिने खरे ते सांगितले. तिला माहीत नव्हते.

दुपारी इंदिरानगरच्या फ्लॅटवर सोमनाथ जेवला नाही. टेबलाशी बसून त्याने हाताने पत्र लिहिले. पहिल्यांदा दीड पान झाले. ते त्याने स्वतःच मोठ्याने वाचले, उज्वला समोर गवार मोडत होती. वाचता वाचता त्यानेच पहिल्या पानाला आडवी रेघ मारली. त्यात डायरी, चौकशीचे कागद, तेव्हाची साधने किती अपुरी होती, असे सगळे होते. उरले ते असे:

'श्रीमती जैनब परकार यांस. १९९६ साली आपण तारखेबद्दल विचारले होते. माझी तारीख चुकली होती. आपल्या वडिलांनी हुकूम झाल्यावरच बोट सोडली. माझ्या चुलत्यांना त्यांनी दोनदा बोलावले होते. ते प्रकरण मी नव्याने लिहितो आहे. छापण्याआधी ते दाभोळला येऊन आपल्याला वाचून दाखवण्याची परवानगी असावी. आपण नाही म्हणालात तर पुस्तक पुन्हा निघणार नाही.'

"शेवटचं वाक्य खरं आहे का?" उज्वलाने विचारले.

"आहे."

"बाकीच्या सहा पुस्तकांवर लोक बोट ठेवतील. हेच चुकलं तर तेही चुकलं असेल, म्हणतील."

"ठेवू देत. मीही ठेवणार आहे." त्याने पत्राची घडी घातली. "तेव्हा पाकीट तू टाकलं होतंस."

"हो."

"या वेळी मी जातो."

पण सोमवारी सकाळी टपाल कचेरीत दोघे गेले. सोबत दोन पानांच्या झेरॉक्स होत्या, चार जूनची आणि एकतीस डिसेंबरची. पत्ता जुन्या पत्रावरचा होता, दुसरा नव्हता. जैनब परकार आता सदुसष्ट वर्षांच्या असतील, असे उज्वलाने मनात मोजले. असतील तर. स्पीड पोस्टची पावती तिने चष्म्याच्या घरात ठेवली.

मंगळवारी पत्र मुंबईत होते. बुधवारी दापोलीला. बुधवारी रात्री ज्ञानेशचा फोन आला, फुलांच्या भावाबद्दल बोलला, आईच्या गुडघ्याबद्दल बोलला, आणि फोन ठेवता ठेवता त्याने विचारले, की ते पोचलं का.

गुरुवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी उज्वलाने पावतीवरचा क्रमांक फोनवर पुन्हा टाकला. सोमनाथ आतल्या खोलीत तिसऱ्या प्रकरणाचे पहिले वाक्य मोठ्याने म्हणून पाहत होता, चौथ्यांदा. पडद्यावर नवी नोंद आली होती: दाभोळ, वितरणाचा प्रयत्न, दुपारी एक वाजून पाच, दार बंद, सूचना ठेवली.